वारा कुठून येतो?

आमच्या वलगावात वाऱ्याचा पहिला धडा मिळतो तो खळ्यावर. तिवईवर उभे राहून धान्य उपणणाऱ्याने दिशा चुकवली की भूस त्याच्याच डोळ्यांत जाते. आबाजी म्हणत, "वारा कुठून येते थे पाह्य, कुठी जाते थे भूस सांगते." हे मी लहानपणापासून ऐकत आलो, पण समजलो मात्र नव्हतो. त्याचा पुरावा मी गेल्या वर्षी भूगोलाच्या प्रकल्पात स्वहस्ते लिहून दिला.

२०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन कित्येक शेतकरी व मजूर दगावले. तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात होता. आमचे वावर वस्तीच्या पश्चिमेला आहे. फवारणीच्या दिवसांत वारा ते औषध कुठे नेत असेल? याचे उत्तर प्रादेशिक हवामान प्रारूपाच्या आकडेवारीतून काढायचे मी ठरवले. अशा प्रारूपात संगणक भूभागावर जाळी टाकतो आणि तिच्या प्रत्येक चौकटीत हवेच्या हालचालीचे गणित मांडतो. दक्षिण आशियासाठी हे काम पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था करते.

मित्रहो, या आकडेवारीत 'दिशा' नावाचा रकाना बहुधा नसतोच! तेथे दोन संख्या असतात. एक, वारा पूर्वेकडे किती वेगाने सरकतो. दुसरी, उत्तरेकडे किती. समजा, पहिली ४ आणि दुसरी ३ मीटर प्रतिसेकंद आहे. पायथागोरसच्या कृपेने वेग ५ निघाला. कोन काढला तो ३७ अंश. मी होकायंत्र पुढे ठेवले, उत्तरेपासून ३७ अंश मोजले आणि लिहिले, 'वारा ईशान्येचा'. म्हणजे औषध वस्तीपासून दूर जाते. मी निश्चिंत झालो.

सरांनी वहीवर एवढेच लिहिले : "पावसाळ्यात?"

चूक दुहेरी होती. गणितातला कोन पूर्वेपासून डावीकडे मोजतात, तर हवामानशास्त्रातला उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे. शिवाय त्या दोन संख्या वारा कुठे जातो ते सांगतात; वाऱ्याला नाव मात्र तो जिकडून येतो त्या दिशेचे मिळते. म्हणूनच आपण 'नैऋत्य मोसमी वारे' म्हणतो आणि वातकुक्कुटाची चोच वाऱ्याच्या उगमाकडे असते. २७० मधून ३७ वजा केले की २३३ अंश, म्हणजे नैऋत्य. मी अख्खा मोसमी पाऊसच उलटा फिरवला होता, आणि कागदावर सुरक्षित ठरवलेली वस्ती प्रत्यक्षात फवाऱ्याच्या वाटेवर होती.

पुढे आणखी खाचखळगे लागले. काही प्रारूपांची जाळी पृथ्वीच्या अक्षांश-रेखांशांना समांतर नसते. गणिताच्या सोयीसाठी ती तिरपी केलेली असते. मग 'उत्तर' म्हणजे जाळीची उत्तर, आपल्या ध्रुवताऱ्याची नव्हे. त्या ठिकाणचा फरकाचा कोन काढून दोन्ही संख्या आधी फिरवून घ्याव्या लागतात. आकडेवारीसोबतच्या माहितीत हे दिलेले असते. ती माहिती कोणी वाचत नाही. मीही वाचली नव्हती.

सरासरीचे तर विचारूच नका. एका दिवशी वारा ३५० अंशांवरून आला आणि दुसऱ्या दिवशी १० वरून, तर दोन्ही दिवस उत्तरेचाच वारा झाला. पण साधी सरासरी येते १८०, म्हणजे थेट दक्षिण! म्हणून सरासरी त्या दोन संख्यांची घ्यायची आणि दिशा शेवटी काढायची. तरीही सकाळी पूर्वेचा व संध्याकाळी तेवढाच पश्चिमेचा वारा असेल तर बेरीज शून्य होते, आणि पतंग मात्र दिवसभर उडालेला असतो. अशा वेळी कोणत्या दिशेचा वारा किती वेळा आला हे वेगवेगळे मोजून, वर्तुळाभोवती पाकळ्यांसारखे काढलेले चित्र अधिक खरे बोलते.

जाळीची एक चौकट सुमारे ५० किलोमीटरची असू शकते. म्हणजे पेढी नदीचे खोरे, अमरावती शहर आणि पोहऱ्याचे डोंगर या सगळ्यांना मिळून एकच वारा! धुऱ्यावरच्या बाभळीआड वारा कसा वळतो, हे तिला विचारण्यात अर्थ नाही. भविष्यकाळाच्या आकड्यांत अमुक तारखेचा वारा शोधणेही व्यर्थ आहे. तेथे तीसेक वर्षांचा कल पाहायचा असतो, पंचांग नव्हे. आणि प्रारूपाचा गेल्या काळातील वारा अकोल्याच्या वेधशाळेतील नोंदींशी ताडून पाहिल्याशिवाय पुढच्या काळावर बोलू नये, असे माझे मत झाले आहे.

गणित पुन्हा केले तेव्हा ऑगस्टच्या पाकळ्या पश्चिमेच्या अंगाला लांब झाल्या. मी ते चित्र घरी दाखवले. बाबांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "हे त मले ठाऊक व्हतं." मात्र दुसऱ्या दिवशी त्यांनी धुऱ्यावर एक काठी रोवून तिला जुन्या लुगड्याची चिंधी बांधली. आता पंप पाठीवर घेण्याआधी ते तिच्याकडे पाहतात, आणि चिंधी गावाकडे फडफडत असेल तर पंप खाली ठेवतात.