तुडतुडे

तुडतुडे हे अर्धपंखी गणातील सिकॅडेलिडी कुलाचे लहान, रसशोषक कीटक होत. या कुलातील वीस हजारांहून अधिक जातींचे वर्णन झाले आहे. मराठीत मात्र ‘तुडतुडा’ हा शब्द सैलपणे वापरला जातो. भातावरील तपकिरी तुडतुडा वस्तुतः डेल्फॅसिडी या निराळ्या कुलातील आहे. त्याच्या मागील पायाच्या नळीच्या टोकाशी एक हलणारा मोठा काटा असतो. खऱ्या तुडतुड्याच्या नळीवर बारीक काट्यांच्या लांबच लांब रांगा असतात.

शरीर पाचरीसारखे असून पंख पाठीवर छपरासारखे मिटलेले असतात. मादी पानाच्या शिरांत वा कोवळ्या भागात अंडी घालते. पिल्ले प्रौढांसारखीच दिसतात, पण त्यांना पूर्ण पंख नसतात. ती तिरकी चालतात व पाच वेळा कात टाकतात. ब्रोकोसोम नावाचे सूक्ष्म कण उत्सर्जक नलिकांत तयार करून ते अंगाला फासणे, हे या कुलाचे खास वैशिष्ट्य. त्यामुळे अंगावर पाणी किंवा स्वतःचा चिकट स्राव टिकत नाही.

कृष्णाकाठच्या वांग्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या सातारा-सांगली भागात, औंध परिसरासह, वांग्याच्या एकाच झाडावर दोन तुडतुडे आढळू शकतात आणि त्यांतील भेद महत्त्वाचा ठरतो. अम्रास्का बिगुट्टुला हा हिरवट, सुमारे ३ मिमी लांबीचा असून त्याच्या प्रत्येक पुढील पंखाच्या टोकाजवळ काळा ठिपका असतो. तो टिफ्लोसिबिनी उपकुलातील. कापूस व भेंडीवरही तो पडतो. पानांच्या कडा पिवळ्या, मग लालसर होऊन मुडपतात. लवदार पानांच्या वाणांवर त्याचा उपद्रव कमी असतो. डेल्टोसेफॅलिनी उपकुलातील हिशिमोनस फायसिटिस तपकिरी छटेचा असतो व पंख मिटल्यावर त्याच्या पाठीवर गोल डाग दिसतो. तो पर्णगुच्छ अथवा बोकड्या रोगाचा वाहक आहे. पाने बारीक राहून त्यांचा झुपका होतो आणि रोगट झाडाला सहसा फळ धरत नाही. हा रोग विषाणूजन्य मानला जाई. १९६७ मध्ये जपानी संशोधकांनी अशा रोगांमागे भित्तिकाहीन जीवाणू (फायटोप्लाझ्मा) असल्याचे दाखवले. तो कीटकाच्या शरीरातही वाढतो. फवारणीने तुडतुडे मरतात, पण रोगट झाड बरे होत नाही. ते उपटून नष्ट करावे लागते.

आंब्याच्या मोहोरावरील तुडतुडे इडिओस्कोपस व अम्रिटोडस या प्रजातींचे असतात. त्यांच्या गोड स्रावावर काळी बुरशी वाढते.