घरी बसलेला मालक, कंटाळलेला कुत्रा

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली आणि पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांत नोकरीला असलेली आपली मुले-मुली लॅपटॉप घेऊन यवतमाळ, पुसद, वणी, दारव्ह्याच्या घरी परतली. पुढे बऱ्याच घरांत कुत्र्याचे पिलू आले. दिवसभर घरीच आहोत, तर पाळायला काय हरकत, असा सरळ विचार होता. टाळेबंदी केव्हाच उठली. पण घरून काम करण्याची पद्धत काही ठिकाणी टिकली, आणि त्या पिलांचे आता भरदार कुत्रे झाले आहेत.

मी माणसांचा डॉक्टर आहे. जनावरांच्या दुखण्यात मला गती नाही. तरीही हा विषय घेतला, कारण घरातला कुत्रा कंटाळला की त्याचा पेशंट माझ्या दवाखान्यात येतो. मध्यंतरी सात-आठ वर्षांच्या एका मुलाला पोटरीला चावा घेतल्यामुळे आणले होते. चावणारा कुत्रा घरचाच. काका आतल्या खोलीत मीटिंगमध्ये, कुत्रा सकाळी नऊपासून व्हरांड्यात साखळीला, आणि मुलगा हातात बिस्कीट घेऊन त्याच्याजवळून पळत गेला. कुत्र्याने झेप घेतली ती बिस्किटावर, दात लागले पोटरीला. आजोबा मला म्हणाले, "साहेब, कुत्रा तं घरचाच हाये, मंग इंजेक्शनचं काय काम?" या प्रश्नाकडे पुढे येतोच. आधी त्या कुत्र्याचे पाहू.

"आमचा मुलगा दिवसभर घरी असतो, कुत्र्याला सोबत आहेच की," असे पालक सांगतात. गैरसमज नेमका इथे आहे. शेतावरचा कुत्रा आठवा. पहाटे तो बैलबंडीमागे जातो, धुऱ्याधुऱ्याने हुंगत फिरतो, दुपारी निंबाखाली खड्डा करून झोपतो आणि रात्री तुरीत शिरलेल्या रोह्यांवर, डुकरांवर धावतो. त्याच्या व्यायामाची सोय कोणाला करावी लागत नाही. घरातल्या कुत्र्याचे जग म्हणजे दहा बाय बाराची खोली आणि गॅलरी. मालक समोर बसलेला दिसतो, बोलतानाही ऐकू येतो, पण बोलतो तो यंत्राशी. जवळ जावे तर "हट्!" मग तो चपला फाडतो, सोफा उकरतो, दारावरच्या प्रत्येक माणसावर भुंकतो, शेपटीमागे गोल फिरतो किंवा पंजा चाटून चाटून जखम करून घेतो. घरचे म्हणतात, कुत्रा बिघडला. बहुतेक वेळा त्याला नुसते काम नसते. मात्र शांत कुत्रा एकाएकी चिडू लागला, तर दुखणे, कानाचा संसर्ग अशी कारणे असू शकतात; त्याला आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे.

कुत्र्याचा अर्धा मेंदू नाकात असतो असे मी गमतीने म्हणतो. फिरायला नेल्यावर तो प्रत्येक खांबापाशी थांबतो आणि आपण पट्टा ओढतो. ओढू नये. वीस मिनिटे मनसोक्त हुंगू दिलेला कुत्रा नुसत्या पळवलेल्या कुत्र्यापेक्षा शांत झोपतो. किती फिरवावे याचा एकच आकडा सांगता येत नाही. बहुतेक धडधाकट मोठ्या कुत्र्यांना रोज अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत हालचाल लागते. जर्मन शेफर्ड, लॅब्रॅडॉर यांना जास्त, म्हाताऱ्या कुत्र्याला कमी. लहान पिलाला मोटारसायकलमागे पळवण्याची हौस काहींना असते, ती पूर्णपणे सोडावी.

आपल्या जिल्ह्यात खरी अडचण उन्हाची आहे. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. त्याच्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजाच्या गाद्यांत असतात आणि शरीर थंड होते ते जीभ काढून धापा टाकल्याने. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तेही नीट जमत नाही. हस्की तर बर्फातली जात. यवतमाळात ती पाळावी हे माझ्या बुद्धीला पटत नाही. उन्हाळ्यात सूर्य वर येण्याआधी आणि रात्री रस्ता निवल्यावरच बाहेर न्यावे. निघताना हाताची मागची बाजू डांबरावर टेकवून पाहावी. सात-आठ आकडे मोजेपर्यंत चटका सोसवत नसेल, तर कुत्र्याचे पायही भाजतील. कुत्रा जोरजोराने धापा टाकतो आहे, लाळ गळते आहे, पाय लटपटतात, असे दिसल्यास सावलीत घेऊन अंगावर साधे पाणी ओतावे, पंख्याखाली ठेवावे आणि लगेच पशुवैद्याकडे न्यावे.

मग दिवसभर काय? काम सुरू करण्यापूर्वी फिरवणे आणि खाणे उरकून घ्यावे, म्हणजे पहिले दोन-तीन तास तो झोपेल. सगळे अन्न एका ताटलीत ओतू नये. थोडे अंगणात, गवतात विखरून टाकावे. भाकरीचे तुकडे जुन्या टॉवेलच्या गुंडाळीत किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात कागदाच्या बोळ्यांखाली लपवावेत. ताटलीतले जेवण तो दोन मिनिटांत संपवतो, हे शोधायला पंधरा-वीस मिनिटे लावतो. महागड्या खेळण्यांची गरज नाही. पुठ्ठा किंवा कापड गिळत मात्र नाही ना, हे पाहावे. कांदा-लसूण, चॉकलेट, द्राक्षे आणि मनुका कुत्र्याला विषारी ठरू शकतात, त्यामुळे रस्सा-भाकर देऊ नये. रविवारच्या मटणाची शिजलेली हाडेही नकोत. ती फुटून आतड्यात रुततात. दोन मीटिंगच्या मध्ये पाच मिनिटे बस, थांब, ये असे शिकवावे. आणि जागेवर गप्प पडून राहिला की तेव्हाच त्याला घास द्यावा, भुंकल्यावर नव्हे. भुंकल्यावर बिस्कीट मिळाले, तर पुढच्या मीटिंगला तो बरोबर भुंकणार.

यात मालकाचाही फायदा आहे, पण एक खुलासा करतो. प्रौढ माणसाने आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. खांबाखांबाशी थांबत केलेली फेरी त्यात धरू नये. एक वेळ कुत्र्याच्या चालीने चालावे, दुसऱ्या वेळी भरभर, थोडा दम लागेल असे. दिवसभर खुर्चीत बसून कंबर धरलेली, तिशीतच साखर वाढलेली मुले मी पाहतो, म्हणून सांगतो.

आता आजोबांचा प्रश्न. घरचा कुत्राही बाहेरच्या कुत्र्याशी भांडतो आणि त्याला रेबीज होऊ शकतो. माणसात या रोगाची लक्षणे दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. त्यामुळे चावा असो की दाताचा ओरखडा, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काही भरू नये. त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे. शासकीय रुग्णालयात ही लस मोफत मिळते. कातडीत दिल्यास ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, स्नायूत दिल्यास १४ व्या दिवशीही. रक्त आले असेल तर जखमेत सीरमचे इंजेक्शनही लागते. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवावी, पण त्यासाठी पहिले इंजेक्शन लांबवू नये. कुत्र्याला स्वतःला तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस आणि नंतर पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी द्यावी. त्या मुलाच्या घरात कुत्र्याचे कार्ड मागितले, तर दोन वर्षे लस चुकलेली निघाली. मुलाचे डोस पूर्ण झाले, तो ठणठणीत आहे.

कंपनी पुन्हा पुण्याला बोलावते तेव्हा नवीनच पंचाईत होते. जन्मल्यापासून एक दिवस एकटा न राहिलेला कुत्रा दार ओरबाडतो, जेवत नाही, आणि शेवटी त्याला गावाबाहेर सोडून देण्याची गोष्ट निघते. तेव्हा आतापासूनच त्याला दुसऱ्या खोलीत आधी पाच मिनिटे, मग पंधरा, मग तासभर एकटे राहायची सवय लावावी. मागे राहणाऱ्या आई-वडिलांना झेपेल का, याचाही अंदाज घ्यावा. तीस किलोच्या कुत्र्याने ओढल्यामुळे पडून मनगट मोडलेल्या आजीबाई माझ्याकडे आल्या आहेत. वृद्धांनी पट्टा मनगटाला गुंडाळून घेऊ नये, आणि ओढणारा कुत्रा असेल तर त्याला फिरवायला पगार देऊन एखादा माणूस ठरवावा.