‘फर्लो’ : एका शब्दाची आडोशी

अमेरिकेत काँग्रेसने खर्चास वेळेवर मंजुरी दिली नाही म्हणजे संघराज्याच्या कचेऱ्या बंद पडतात. मंजुरीवाचून कामकाज चालविणे बेकायदेशीर होय, असा अर्थ महान्यायवादी बेंजामिन सिव्हिलेटी यांनी १९८० साली लावल्यापासून हा प्रघात पडला. अशा वेळी घरी बसविलेला नोकर ‘फर्लो’वर गेला असे म्हणतात. शब्द मूळचा डच, अर्थ रजा. मराठीत तो आज मुख्यतः कैद्याच्या संचित रजेपुरता आढळतो. रजा ही सवलत, ही छटा दोन्हीकडे टिकून आहे. परंतु अमेरिकेतील ही रजा कोणी मागितलेली नसते, आणि तीत पगारही नसतो. याउलट ‘अपवादित’ नोकराने बिनपगारी कामावर हजर राहावयाचे! २०१८-१९ च्या ३५ दिवसांच्या अंशतः बंदीत सुमारे ८ लाख नोकर या दोन शब्दांत वाटले गेले.

घरभाडे व कर्जाचा हप्ता यांना मात्र रजा नसते. थकलेला पगार मागाहून देण्याची तरतूद २०१९ च्या कायद्याने केली खरी. पण मधल्या उसनवारीचे व्याज कुटुंबानेच सोसावयाचे. कचेऱ्या झाडणारे, उपाहारगृहांत राबणारे कंत्राटी मजूर तर या कायद्यातही बसत नाहीत आणि या दोन शब्दांतही नाहीत. त्यांची बुडालेली मजुरी बहुधा बुडालेलीच राहते.

२०२५ मध्ये १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर अशी ४३ दिवस बंदी झाली. सुमारे ४ कोटी लोकांना मिळणारे अन्नसाहाय्य नोव्हेंबरात अडखळले. धर्मादाय अन्नवाटपाच्या रांगा वाढल्या. त्यांत बिनपगारी सरकारी नोकरही उभे होते.