पाळीआधीचा आठवडा

आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दूधवाल्याचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख आणि कोपऱ्यात माझ्या पाळीची बारीक फुली हे सगळं वर्षानुवर्षं गुण्यागोविंदानं नांदतं. गेल्या वर्षी त्यात हिरव्या पेनाची फुली आली. ती लेकीची.

लेक तेव्हा नववीत. एरवी हसरी, बडबडी. पण महिन्यातून एकदा तिचं असं काही बिनसायचं, की आम्ही घरात दबकूनच वावरायचो. भाजीवरून भांडण, वेणी घालताना रडणं, धाडकन दार लावून घेणं. एकदा तर तिनं भूगोलाची वहीच टराटरा फाडली. मी म्हणाले, "पुरे झाली नाटकं!" दोन दिवसांनी पाळी आली आणि तीच मुलगी फाटक्या पानांना चिकटपट्टी लावत म्हणाली, "आई, मला तेव्हा काय होतं गं? मीच मला आवडेनाशी होते."

माझे ते शब्द मला अजून बोचतात.

आमच्या आईच्या काळी बाई 'बाजूला बसली' की अख्खं घर दिवस मोजायचं. पहिला, दुसरा, चौथ्या दिवशी न्हाणं. शिवाशिवीचा हिशेब चोख! पण पाळीच्या अगोदरचे दिवस कुणी मोजल्याचं मला तरी आठवत नाही. त्या दिवसांत चिडणारी मुलगी आगाऊ ठरायची आणि 'सासरी कसं व्हायचं हिचं' हे ऐकून घ्यायची.

डॉक्टरीणबाईंनी गोळी दिली नाही, वही घालायला सांगितली. राग, रडू, झोप, अभ्यासातलं लक्ष यांचा त्रास किती झाला, त्याला रोज रात्री तिनं स्वतः शून्य ते पाच गुण द्यायचे. निदान दोन पाळ्या होईपर्यंत. आठवणीवर विसंबायचं नाही, कारण भांडण लक्षात राहतं, तारीख राहत नाही. बीज बाहेर पडल्यानंतर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं आणि पाळीआधी उतरतं. हा चढउतार सगळ्याच मुलींमध्ये होतो, पण काहींच्या मेंदूला तो जास्त जाणवतो, असं त्यांनी समजावलं. थोडी चिडचिड पुष्कळजणींना होते. मोजक्या मुलींचं मात्र मन इतकं ढासळतं, की शाळा, मैत्रिणी, घर सगळंच विस्कटतं. त्याला पीएमडीडी म्हणतात. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत २०१३ साली त्याला रीतसर आजाराचं स्थान मिळालं. त्यावर औषधोपचारही आहेत. पाळी आल्यावर थोड्या दिवसांत मळभ सरायला हवं. महिनाभर उदासी टिकली, तर कारण दुसरं शोधायचं. आणि मुलगी 'जगायचं नाही' म्हणाली, तर तारीख बघत बसायचंच नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक रात्रीही चालू असतो.

दोन महिन्यांनी वही बोलू लागली. पाळीआधीच्या पाच-सहा दिवसांत आकडे चढायचे, पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शून्यावर यायचे. पीएमडीडी नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण त्रास खरा होता, नाटक नव्हतं. त्या दिवसांत आम्ही तिची जागरणं बंद केली आणि चाचणीचा अभ्यास आधीच उरकू लागलो. फरक पडला. सगळा नाही, पण पडला.

मग आम्ही नवीच चूक केली. धाकट्यानं न विचारता तिची कंपासपेटी नेली आणि कर्कटक हरवून आला. ती ओरडली. ह्यांनी कॅलेंडरकडे पाहून मला डोळ्यांनी खुणावलं. तिनं ते नेमकं पाहिलं.

"बाबा, एकोणीस तारीख असली तरी कर्कटक माझंच होतं ना?"

ह्यांच्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याकडेही नव्हतं. संध्याकाळी धाकट्याला घेऊन हे मुकाट्यानं स्टेशनरीच्या दुकानात गेले.

हिरव्या फुल्या आता कॅलेंडरवर नसतात. वही तिच्या कपाटात असते आणि ती मला दाखवायची की नाही, हे तीच ठरवते.