फुटपाथ आणि बस यांमधलं अंतर

नेरुळच्या वंडर्स पार्कला घरची मंडळी निघाली आणि सोबत व्हीलचेअर असेल, तर बसचा विचार सहसा मागे पडतो. कारण असतं दाराशी.

शहरी बसच्या तळाची उंची साधारण ९००, ६५० किंवा ४०० मिलिमीटर असते. पहिल्या दोन्हींत पायऱ्या आल्या. ४०० मिलिमीटरच्या ‘लो-फ्लोअर’ बसमध्ये मात्र दारातून घडीची फळी बाहेर टाकता येते. काही गाड्यांत सस्पेन्शनमधली हवा सोडून दाराकडची बाजू आणखी सहा-सात सेंटिमीटर झुकवतात.

पण नुसती बस घेऊन भागत नाही. फुटपाथ १५० मिलिमीटर उंच आणि झुकलेली बस त्याला अगदी लागून उभी असेल, तर चढायचे उरतात जेमतेम १८० मिलिमीटर. फळी मीटरभराची, माणूस आणि खुर्ची मिळून वजन १०० किलो धरलं, तर ढकलायला १८ किलोंचा जोर लागतो. तीच बस भर रस्त्यात थांबली, की ३० किलोंच्या वर! इमारतीतल्या १:१२ उताराच्या रॅम्पवर आठ किलो पुरतात. खांद्याचा सांधा मुळात हात सगळीकडे फिरावा म्हणून घडलेला, भार वाहण्यासाठी नव्हे. वर्षानुवर्षं खुर्ची हाताने चालवणाऱ्यांत खांदेदुखी म्हणूनच इतकी आढळते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने बसथांबेही सुगम करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. एनएमएमटीच्या चालकाने गाडी फुटपाथला भिडवायची म्हटली, तरी थांब्यासमोर आधीच रिक्षा आणि दुचाकी उभ्या असतील तर तो भिडवणार कशी?