एकटं मूल दिसलं, तर १०९८

भांडुप स्थानकाच्या पुलावर एखादं पोर अनवाणी, एकटंच भेदरून बसलेलं दिसलं, तर फिरवायचा नंबर १०९८. मोफत, चोवीस तास.

ही हेल्पलाइन मुंबईचीच. १९९६मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेतून ती सुरू झाली. संस्थापक जेरू बिलिमोरिया. ‘दस-नौ-आठ’ ही उलटी मोजणी रस्त्यावरच्या मुलांच्या तोंडी सहज बसली. २०२३मध्ये हेल्पलाइन सरकारी यंत्रणेकडे आली.

सापडलेल्या मुलाला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. आईबाप की बालगृह, हे समिती ठरवते.

स्वयंसेवकांसाठी दोन पथ्यं : मुलाला परस्पर घरी ठेवून घेऊ नये. त्याचं नाव, फोटो कुठेही टाकू नये. ओळख उघड केल्यास शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.