मनाचा आजार, सरकारी विमा आणि समाजसेवकाचा शोध

मनाच्या आजाराने ग्रासलेल्या माणसाला औषधांची गरज असते, तशीच त्याचे घर, रोजगार व नातेसंबंध यांची विचारपूस करून त्यांतून वाट काढून देणाऱ्या जाणकार व्यक्तीचीही असते. अशा व्यक्तीस मानसोपचार समाजसेवक म्हणतात. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ या कायद्याने त्याची पात्रता ठरवून दिली आहे. समाजकार्य विषयातील पदव्युत्तर पदवी आणि त्यानंतर देखरेखीखालील प्रत्यक्ष प्रशिक्षणासह दोन वर्षांचा पूर्णवेळ एम. फिल. अभ्यासक्रम, अशी ही पात्रता आहे.

हा समाजसेवक औषधे लिहून देत नाही. आजार कोणत्या परिस्थितीत बळावला हे तो जाणून घेतो, नातेवाइकांना आजाराचे स्वरूप समजावतो, कुटुंबासमवेत बैठका घेतो, आणि रुग्णाला कामावर परतण्यास किंवा दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळविण्यास साहाय्य करतो. हे काम एका भेटीत संपत नाही. ते आठवड्यांमागून आठवडे, पुष्कळदा वर्षभरही चालते. म्हणूनच सामान्य कुटुंबापुढे प्रश्न उभा राहतो तो खर्चाचा. आपल्याजवळ सरकारी विम्याचे कार्ड आहे. ते स्वीकारणारा समाजसेवक कोठे मिळेल?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी विम्याचे स्वरूप समजून घेणे अगत्याचे आहे. २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेली आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना पात्र कुटुंबास दरवर्षी ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण देते. परंतु हे संरक्षण रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस यांचा खर्च त्यात धरला जातो. बाह्यरुग्ण विभागातील नेहमीच्या भेटींचा धरला जात नाही. शिवाय हे कार्ड योजनेशी संलग्न असलेले रुग्णालय स्वीकारते, एकटा व्यावसायिक नव्हे. मानसोपचार समाजसेवकाचे बहुतेक काम तर रुग्ण घरी असतानाच चालते.

अमेरिकेत स्थिती वेगळी आहे. तेथे १९८९ च्या एका कायद्यानंतर परवानाधारक समाजसेवकास वृद्धांसाठीच्या मेडिकेअर या सरकारी विम्याकडे आपल्या नावाने देयक पाठविता येऊ लागले. त्यामुळे ‘आपण हा विमा स्वीकारता काय?’ हा प्रश्न तेथे समाजसेवकालाच विचारता येतो. आपल्याकडे मात्र सरकारी सेवेतील समाजसेवक पगारी कर्मचारी असतो. तेव्हा येथे प्रश्न असा विचारला पाहिजे: पगारी मानसोपचार समाजसेवक कोणत्या सरकारी संस्थेत आहे?

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. २०१७ च्या कायद्याच्या कलम २१ नुसार प्रत्येक विमा कंपनीने मानसिक आजाराच्या उपचारांसाठी शारीरिक आजारासारख्याच आधारावर विमा देणे बंधनकारक आहे. ही तरतूद मोलाची आहे. पण तिचा अर्थ समानता एवढाच आहे. जी पॉलिसी मधुमेहाच्या रुग्णाला बाह्यरुग्ण तपासणीचे पैसे देत नाही, ती उदासीनतेच्या रुग्णालाही ते देण्यास बांधलेली नसते.

संघटित क्षेत्रातील कामगारांची गोष्ट निराळी आहे. १९४८ च्या कायद्यान्वये उभारलेली व २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे आरंभ झालेली कर्मचारी राज्य विमा योजना विमाधारक कामगारास व त्याच्या कुटुंबीयांस बाह्यरुग्ण सेवाही देते. अशा कामगाराने प्रथम आपल्याला नेमून दिलेल्या दवाखान्यात जावे आणि तेथून मानसोपचार विभाग असलेल्या रुग्णालयासाठी चिठ्ठी घ्यावी.

इतरांसाठी पहिले ठिकाण म्हणजे जिल्हा रुग्णालय. १९९६ साली चार जिल्ह्यांत सुरू झालेला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम पुढे देशभर विस्तारला. त्याच्या पथकात मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ व परिचारिका यांच्याबरोबर मानसोपचार समाजसेवकाचे पदही असते. दुसरे ठिकाण म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातील मानसोपचार विभाग, आणि बंगळूर, रांची व तेजपूर येथील राष्ट्रीय पातळीवरील संस्था. महाराष्ट्रातील सरकारी रुग्णालयांत ‘समाजसेवा अधीक्षक’ या पदनामाची चौकशी करावी. तिसरे साधन म्हणजे राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची यादी. मानसोपचार समाजसेवकांची नोंदणी करून ती प्रसिद्ध करणे हे कायद्यानेच प्राधिकरणाचे कर्तव्य ठरविले आहे. खाजगी समाजसेवकाची पात्रता पडताळण्यासही ही यादी उपयोगी पडते. याखेरीज १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र व विनामूल्य उपलब्ध आहे. जवळच्या केंद्राची माहिती तेथे विचारता येते.

दारिद्र्यरेषेखालील, निराधार किंवा बेघर व्यक्तीस तर कार्डाचीही आवश्यकता नाही. कलम १८ नुसार सरकारी वा सरकारी अनुदानावर चालणाऱ्या मानसिक आरोग्य संस्थांत तिला उपचार विनामूल्य मिळाले पाहिजेत, मग तिच्यापाशी दारिद्र्यरेषेचे पत्र असो वा नसो.

रुग्ण जन आरोग्य योजनेखाली दाखल झालाच, तर ते दिवस वाया जाऊ देऊ नयेत. घरी सोडण्यापूर्वी पुढील उपचारांविषयी रुग्णाशी व नातेवाइकांशी विचारविनिमय व्हावा, असे कायदा सांगतो. त्या वेळी समाजसेवकाची भेट मागावी आणि पुढील भेटीचा वार, विभाग व केसपेपरचा क्रमांक लिहून घ्यावा. पंधरा दिवसांनी विम्याचा आधार संपला, तरी बाह्यरुग्ण विभागाचे दार उघडे असते.

अनेक ठिकाणी ही पदे रिक्त असतात. म्हणून दूरचा प्रवास करण्यापूर्वी समाजसेवक कोणत्या दिवशी असतो याची चौकशी करणे शहाणपणाचे ठरते. सेवेत त्रुटी आढळल्यास कलम २८ नुसार प्रथम संस्थेच्या प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्याकडे, नंतर पुनर्विलोकन मंडळाकडे व अखेरीस राज्य प्राधिकरणाकडे तक्रार करता येते. समाजसेवकाची सेवा ही कोणाची मेहेरबानी नसून उपचाराचाच भाग आहे, हे ध्यानात ठेवून ती मागितली पाहिजे.